बोरघाटात एकाच जागी तीन चलानं

भांडुपकर

नमस्कार मंडळी.

मी भांडुपला राहतो. वडील गावी, कराडजवळ. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून महिन्यातून एकदा तरी मी शनिवारी पहाटे निघतो आणि रविवारी दुपारी परत फिरतो. ऐरोली, कळंबोली, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, किवळे, नवले पूल, खंबाटकी, सातारा, कराड. जाऊन-येऊन सहाशे किलोमीटरच्या वर. गाडी हातात आल्याला एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत कुणाला साधं घासलंही नाही.

गेल्या आठवड्यात विम्याचं नूतनीकरण करताना एजंटने सहज गाडीचा नंबर टाकून पाहिला. तीन चलानं थकलेली. प्रत्येकी २,००० रुपये. तिन्ही वेगमर्यादा ओलांडल्याची, तिन्ही परतीच्या वाटेवर, खंडाळ्याहून बोरघाटात खाली उतरतानाची आणि तिन्ही एकाच जागेवरची. मर्यादा ६०, माझा वेग ७८, ८१ आणि ७६. दर दोन चलानांत साधारण महिन्याचं अंतर. आरसीवर माझा जुना मोबाईल नंबर होता, तो चार वर्षांपूर्वी बंद झाला. त्यामुळे एकही मेसेज मला मिळाला नाही.

फोटो उघडून बराच वेळ पाहत बसलो. दुसऱ्या फोटोत डॅशबोर्डवर बाबांच्या रिपोर्टांची पिवळी पिशवी स्पष्ट दिसते. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलेलं, पट्टा लावलेला. त्या क्षणी मला विचारलं असतं, तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं की मी हळू चालवतोय. मला खरोखर तसंच वाटत होतं.

दंड भरायला माझी ना नाही. पण दोन गोष्टी डोक्यातून जात नाहीत. पहिल्याच आठवड्यात कळलं असतं, तर त्या जागी दुसऱ्यांदा तीच चूक माझ्याकडून झाली नसती. आणि १०० च्या मर्यादेत नीट गाडी चालवणारा माणूस त्याच उतारावर तीनदा सापडतो, त्याचं कारण काय? लांबचा प्रवास नेहमी करणाऱ्यांनी आपला अनुभव लिहावा, अगदी बारीकसारीकसुद्धा. मला पुढच्या शनिवारी पुन्हा जायचं आहे.

अनघा_ठाणे

आधी बाबांना लवकर बरं वाटो.

आज एक काम करा. परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीला जोडलेला मोबाईल नंबर बदलून घ्या. गाडीचा नंबर, चॅसिस नंबर, नोंदणीची तारीख आणि आधार लागतं. आरसी समोर ठेवूनच बसा. माझ्या नवऱ्याचंही असंच झालं होतं. त्याने शोरूममध्ये गाडी घेताना ऑफिसचा नंबर दिला होता, नंतर नोकरी बदलली.

आणि महिन्यातून एकदा स्वतःच तपासायची सवय लावा. महाट्रॅफिक अ‍ॅपमध्ये गाडीचा नंबर आणि चॅसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की सगळं दिसतं. फोटोही दिसतो. मी दर महिन्याला वीजबिल भरते, त्याच वेळी हे पाहते.

रानवाट

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण माझं डोकंही त्यावर बरीच वर्षं चालतंय. कामानिमित्त आठवड्याला मुंबई-पुणे असतं.

किवळ्याला द्रुतगती मार्गावर चढलात की उर्से, कामशेतचे बोगदे, लोणावळा, सगळा रस्ता १०० चा. जवळपास अर्धा तास डोळ्यांना, कानांना आणि पायाला त्या वेगाची सवय होते. मग ८० वर आलात की गाडी रांगतेय असं वाटतं. काटा पाहिला नाही, तर शरीर सांगेल तो वेग खोटा असतो. समृद्धीवरून येणाऱ्यांना हे जास्त जाणवतं. तिथे मोटारींना सपाटीवर १२० आहे. इगतपुरीकडून आमण्याला उतरून भिवंडीच्या रस्त्याला लागलं की ७० ला गाडी थांबल्यासारखी वाटते, आणि समोर रिक्षा, टेम्पो, रस्ता ओलांडणारी माणसं.

त्यात खंडाळ्यानंतर उतार. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नसला तरी गाडी स्वतःहून वेग घेते. तुम्ही ६५ ला आलात आणि पाय नुसता उचलून ठेवलात, तर तळाशी ८० झालेले असतात. माझं निरीक्षण असं की लांबच्या प्रवासातली बहुतेक चलानं सरळ रस्त्यावर मिळत नाहीत, मर्यादा जिथे बदलते त्या पहिल्या एक-दोन किलोमीटरांत मिळतात. घाटाचं तोंड, बोगद्याचं तोंड, पुलाचा उतार, गावाची वेस.

मी काय करतो ते सांगतो. खंडाळ्याच्या अलीकडे, १०० चा रस्ता चालू असतानाच, मधल्या लेनमध्ये येऊन गाडी ८० वर आणतो. ६० चा बोर्ड दिसायच्या आत तिसरा गिअर. उतरताना ब्रेकने वेग धरायचाच नाही, इंजिनने धरायचा. तिसऱ्यात गाडी ५५-६० च्या आसपास आपोआप बांधली जाते, ब्रेक थंड राहतो आणि काट्याकडे सारखं बघावं लागत नाही. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड किंवा एल (खालचा गिअर) वापरा. घाटात क्रूझ कंट्रोल अजिबात नको.

मोजमाप

रानवाट यांनी छान लिहिलं आहे. मी मोजणीच्या उपकरणांच्या क्षेत्रात नोकरी करतो, म्हणून थोडी भर.

महामार्गावर उभ्या असणाऱ्या पोलिसांच्या इंटरसेप्टर गाडीतली स्पीड गन (वेग मोजायचं उपकरण) लेझरची असते. ती तुमच्या गाडीवर प्रकाशाचे स्पंद सोडते. परत यायला लागणाऱ्या वेळेवरून अंतर कळतं आणि ते अंतर किती झपाट्याने कमी होतंय त्यावरून वेग. गन रस्त्याच्या कडेला असते, म्हणजे तुमच्या दिशेशी थोडा कोन करून. त्या कोनामुळे मोजलेला वेग खऱ्यापेक्षा किंचित कमीच भरतो, जास्त नाही. 'कोपऱ्यात उभे राहून मुद्दाम वाढवून दाखवतात' असं लोक म्हणतात, त्यात तथ्य नाही.

गाडीतला काटाही खऱ्यापेक्षा थोडा जास्तच दाखवतो, कमी दाखवायला नियमाने परवानगी नाही. माझ्या गाडीत काटा १०० दाखवतो तेव्हा फोनवरच्या नकाशात ९५ किंवा ९६ असतात. म्हणजे चलानावर ७८ आले असतील, तर काटा त्या वेळी ८० च्या पुढे होता. भांडुपकर, हे तुम्हाला दुखवायला सांगत नाही. काटा ८० च्या पुढे गेल्याचं तुम्हाला जाणवलंही नाही, यावरून रानवाट म्हणतात ते किती खरं आहे ते कळतं.

आणखी महत्त्वाचं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून जी नवी कॅमेरा यंत्रणा चालू झाली, तिच्यात एका जागचा वेग मोजतात तसा कॅमेरे लावलेल्या दोन कमानींमधला सरासरी वेगही मोजतात. पहिल्या कमानीखाली नंबरप्लेट टिपली, दुसरीखाली पुन्हा टिपली, मधलं अंतर भागिले वेळ. समजा ६० च्या मर्यादेतलं अंतर १० किलोमीटर आहे. नियमाने १० मिनिटं लागायला हवीत. तुम्ही ८ मिनिटांत पोहोचलात तर सरासरी ७५. कमान दिसली की ब्रेक मारायचा आणि पुढे गेल्यावर पुन्हा सुटायचं, याचा इथे काही उपयोग नाही, आणि मागच्याच्या जिवाला धोका तो वेगळा. वेगाखेरीज पट्टा न लावणं, हातातला मोबाईल, लेन तोडणं हेही तेच कॅमेरे टिपतात.

जुलै २०१९ नंतरच्या गाड्यांत ८० च्या पुढे अधूनमधून आणि १२० च्या पुढे सतत पिंग-पिंग वाजतं. ते घाटातल्या ६० साठी कामाचं नाही. गाडीत स्वतः मर्यादा लावायची सोय असेल तर घाटाआधी ती ६० वर लावा.

पाऊसपाणी

वाचतेय. उपयोगी धागा. माझ्याकडून एक छोटी भर: शहरातल्या मोठ्या रस्त्यांवरही मर्यादा सारखी बदलते. अटल सेतूवर मोटारींना १०० आहे, पण चढता-उतरतानाच्या रस्त्यावर ४०. किनारी रस्त्यावर सरळ भागात ८०, बोगद्यात ६०, वळणावर आणि आत-बाहेर पडताना ४०. सागरी सेतूवर ८०. माझ्या भावाला शिवडीच्या बाजूला उतरताना दंड लागला होता. समुद्रावरचा एवढा सरळ रस्ता संपला हे त्याच्या लक्षातच आलं नाही.

आडवाट

मी वकिली करते, वाहतुकीची प्रकरणं अधूनमधून हाताळते. कायद्याची बाजू थोडक्यात.

वेगाचं कलम मोटार वाहन कायद्यातलं १८३. २०१९ च्या दुरुस्तीने दंड वाढले आणि महाराष्ट्रात वाढीव दर डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. मोटारीला २,००० रुपये तेव्हापासून. त्याआधी १,००० होते.

कॅमेऱ्याने केलेल्या कारवाईसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७अ हा नियम आला. तो प्रत्येक गाडीमालकाने वाचायला हवा. गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांच्या आत सूचना पाठवायची आहे. तिच्यात गुन्हा आणि नंबरप्लेट दिसेल असा स्पष्ट फोटो, उपकरणाने मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण आणि कोणतं कलम मोडलं हे असायला हवं. उपकरणाला राज्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्याचं मान्यता प्रमाणपत्र लागतं आणि ते दरवर्षी नवं करावं लागतं. कॅमेरे असलेल्या पट्ट्याच्या आधी ठळक इशारा-फलक लावणंही त्यातच आहे.

भांडुपकर, तुमच्या बाबतीत स्पष्ट सांगते. सूचना तुमच्या नोंदलेल्या नंबरवर गेली असेल, तर नंबर बदलला नाही ही जबाबदारी तुमची. 'पहिलं कळलं नाही म्हणून दुसरं झालं' हा माणूस म्हणून मला पटतो, पण कायद्यात तो बचाव नाही. मात्र तिन्ही चलानं वेगवेगळी उघडून नीट तपासा. जागा, वेळ, लिहिलेली मर्यादा, नंबरप्लेट, गाडीचा रंग. एखादी गोष्ट जुळत नसेल तर अ‍ॅपमध्येच तक्रार नोंदवता येते. सगळं जुळत असेल तर भरून टाका. काही प्रकरणं राष्ट्रीय लोकअदालतीत येतात, त्याची नोटीस मेसेजने येते, तिथे तडजोड होते. पण तेवढ्यासाठी मुद्दाम थकवून ठेवू नका.

भांडुपकर

@आडवाट, @मोजमाप, मनापासून आभार.

आत्ताच पुन्हा तिन्ही पाहिली. पहिली दोन सगळी जुळतात, भरतो. तिसऱ्यात एक विचित्र गोष्ट आहे. तारीख ज्या रविवारची आहे त्या रविवारी मी गावीच होतो, बाबांना ताप होता म्हणून सोमवारी निघालो. फोटो नीट मोठा करून पाहिला, तर गाडी माझ्याच रंगाची आणि माझ्याच मॉडेलची, पण नंबरप्लेटवर शेवटून दुसरा आकडा ३ आहे की ८, ते उन्हाच्या तिरिपेत कळत नाही. माझा ८ आहे. आणि त्या गाडीच्या काचेवर वर डाव्या कोपऱ्यात गोल स्टिकर दिसतो. माझ्या काचेवर फास्टॅगशिवाय काही नाही.

पहिल्या वेळी तिन्ही एकत्र पाहिली, म्हणून हे निसटलं.

आडवाट

मग तक्रार जरूर करा. स्वतःच्या गाडीचे पुढून, मागून, काचेसकट असे दिवसाउजेडी काढलेले फोटो जोडा. त्या रविवारी गावी असल्याचा काही पुरावा आहे का? डॉक्टरांची चिठ्ठी, औषधांची पावती, सोमवारच्या टोलचा फास्टॅगचा मेसेज?

भांडुपकर

फास्टॅगचा आहे! सोमवारी दुपारी खालापूरला पैसे कापल्याचा. आणि रविवारी संध्याकाळी कराडच्या दुकानातून घेतलेल्या औषधांची पावतीही. जोडतो.

कोकणी_वारा

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. रागावून नाही, कळकळीने.

मी मुंबई-गोवा रस्ता गेली कित्येक वर्षं तुडवतोय. द्रुतगती मार्गावरही असतो. घाटात मोटारीला ६० आणि अवजड गाडीला त्याहून कमी. प्रत्यक्षात तिन्ही लेनमध्ये ट्रक. एक ट्रक ३५ ने चाललाय, दुसरा त्याला ३८ ने ओलांडतोय, तिसरा उजव्या लेनमध्ये येऊन बसलाय. मोटारवाला त्यांच्यामधून वाट काढतो आणि मोकळी जागा मिळाली की ७५ वर जातो. दंड त्याला. घाटातला धोका कुठे जास्त आहे? पुण्याकडून खाली उतरताना डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारा ट्रक, ब्रेक तापून निकामी झालेला कंटेनर. त्याच्यापुढे माझी ७५ ची मोटार काय आहे?

लेन तोडणाऱ्या अवजड गाड्यांवर तितकीच कारवाई रोज दिसली, तर ६० ची मर्यादा मी आनंदाने पाळेन.

रानवाट

कोकणी_वारा, ट्रकांचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. नवले पुलाच्या उतारावरही तेच होतं, कात्रजच्या नव्या बोगद्यातून सुटलेला ट्रक खाली येईपर्यंत आवरत नाही.

पण तुमच्याच उदाहरणात एक गोष्ट पाहा. समोर ३८ ने चाललेला ट्रक अचानक उजवीकडे आला, तर ब्रेक दाबल्यापासून थांबायला तुमच्या ७५ ला जागा लागते ती ६० च्या दीडपटीहून जास्त. ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. त्याची चूक आणि तुमचा वेग एकाच सेकंदात एकत्र येतात.

सोनचाफा

मी या धाग्यावर लिहावं की नाही, दोन दिवस विचार करत होते.

मी पनवेलजवळच्या एका रुग्णालयात सात वर्षं अपघात विभागात नर्स होते. आता बदलीवर मुंबईत आहे. द्रुतगती मार्गावरचे पेशंट आमच्याकडे यायचे. शनिवारी पहाटे आणि रविवारी रात्री जास्त.

एका रविवारी एक कुटुंब आलं. नवरा-बायको पुढे, पट्टे लावलेले, दोघांनाही फारसं लागलेलं नव्हतं. मागे सहा वर्षांची मुलगी, पट्टा नाही. तिला मोठी जखम नव्हती, पण सगळ्या केसांत काच. गाडीची बाजूची किंवा मागची काच फुटते तेव्हा तिचे खडीसाखरेएवढे तुकडे होतात. मी आणि अजून एक मुलगी, आम्ही चिमट्याने एकेक खडा काढत होतो, दीड तास. ती रडत नव्हती. स्टीलच्या ट्रेमध्ये खडा पडला की टण् आवाज यायचा आणि ती प्रत्येक वेळी डोळे मिटायची. तिचे वडील भिंतीला टेकून एकच वाक्य म्हणत होते, "मी जोरात नव्हतो, ताई. मी जोरात नव्हतो." मला ते खोटं बोलताहेत असं वाटलं नाही. भांडुपकरांनी 'मी हळू चालवतोय असं वाटत होतं' लिहिलंय ना, ते वाचलं आणि ते वडील डोळ्यांसमोर आले.

त्या मुलीचं पुढे सगळं नीट झालं. सगळ्यांचं होत नाही.

मागच्या सीटवरचा पट्टा लावा. कृपा करून. लहान मुलांनाही.

पाऊसपाणी

सोनचाफा, लिहिलंत ते बरं केलंत.

कोकणी_वारा

ताई, वाचलं. दोनदा वाचलं. माझी मुलगी सात वर्षांची आहे आणि ती मागे आडवी झोपून येते, आम्ही उशी देतो. पुढच्या वेळी उशी देणार नाही, बसवूनच नेईन. ट्रकांबद्दलचं माझं मत तेच आहे.

गाडीवान

नमस्कार. मी इथे वाचतो, लिहीत नाही. मी टुरिस्ट गाडी चालवतो, गाडी माझी नाही, शेठची. मुंबई-पुणे, शिर्डी, महाबळेश्वर, जे भाडं मिळेल ते. एका गाडीवर आम्ही दोन ड्रायव्हर, आलटून पालटून.

चलान गाडीच्या नंबरवर येतं, मेसेज शेठला जातो. शेठ महिनाअखेरीला हिशोबाला बसतो आणि पगारातून कापतो. फोटो दाखवत नाही, तारीख सांगत नाही. 'तुमच्यापैकी कुणीतरी मारलंय' म्हणून दोघांत वाटून, नाहीतर जो समोर असेल त्याच्याकडून. मागच्या महिन्यात माझे २,००० गेले. घरात दोन मुलं शाळेत. दोन हजार म्हणजे माझ्याकडे पंधरा दिवसांचा किराणा.

आणि खरं सांगायचं तर वेग आम्ही हौसेने वाढवत नाही. पॅसेंजर मागून म्हणतो, "भाऊ, फ्लाइट आहे, जरा दाबा." कळंबोलीहून खालापूरपर्यंतचे तीसएक किलोमीटर. १०० ने अठरा मिनिटं, १२० ने पंधरा. तीन मिनिटं. तीन मिनिटांसाठी दोन हजार माझे, आणि मागचा माणूस विमानतळावर उतरून निघून जातो. मी हल्ली हा हिशोब सरळ बोलून दाखवतो. बहुतेक लोक ऐकतात. एक मॅडम म्हणाल्या, तीन मिनिटांचाच फरक पडतो हे मला माहीतच नव्हतं.

वर वकील ताईंनी लिहिलंय की सूचनेत फोटो, तारीख, वेळ असायला पाहिजे. म्हणजे गाडी तेव्हा कोण चालवत होतं ते कळू शकतं ना?

आडवाट

गाडीवान, नक्की कळू शकतं. तुमच्या शेठजींना चलान उघडून तारीख आणि वेळ दाखवायला सांगा, आणि तुमच्या ट्रिपशीटशी ताडून पाहा. ट्रिपशीट नसेल तर आजपासून साध्या वहीत लिहायला लागा: गाडी हातात घेतली ती वेळ, किलोमीटर, सोडली ती वेळ, समोरच्याची सही. कुणाच्या हातात गाडी होती हे माहीत नसताना सरसकट पगार कापणं बरोबर नाही. आधी शांतपणे बोलून बघा. नाही जमलं तर इथे सांगा, पुढचं मी सांगेन.

अनघा_ठाणे

एक इशारा, धागा थोडा बाजूला नेऊन. चलानाच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर खोटे मेसेज फिरताहेत. गाडीचा नंबर खरा असतो, खाली एपीके फाईल (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) असते. ती उघडली की फोनमधले ओटीपी जातात, खातं रिकामं होतं. आमच्या सोसायटीतल्या एका काकांचे असे पैसे गेले. चलान पाहायला कुठलीही फाईल उतरवावी लागत नाही. शंका आली तर मेसेजमधल्या लिंकला हात न लावता स्वतः अ‍ॅप किंवा सरकारी संकेतस्थळ उघडून गाडीचा नंबर टाका.

डोंगरमाथा

गाडी विकली असेल त्यांनीही सावध राहा. मी २०२२ मध्ये जुनी गाडी ओळखीतल्या माणसाला दिली, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या, पण आरसीवर नाव बदललंय का ते पाहिलंच नाही. दोन वर्षांनी मला नाशिक रस्त्यावरची चार चलानं आली. कागदावर मालक मीच. त्या माणसाने भरली बिचाऱ्याने, पण भरली नसती तर? विक्रीनंतर महिन्याभराने आपल्या जुन्या गाडीचा नंबर टाकून मालकाचं नाव बदललं का ते बघा.

मोजमाप

भांडुपकर यांचा पहिला मुद्दा मागे पडू नये असं वाटतं. माझा नंबर आरसीवर बरोबर आहे, तरी एकदा मेसेज पाच आठवड्यांनी आला. तोवर त्याच रस्त्याने मी चार वेळा गेलो होतो. चार वेळांत काही झालं नाही, पण झालं असतं तर?

गरम तव्याला हात लागला की तेव्हाच चटका बसतो, म्हणून माणूस शिकतो. चटका महिन्याने बसला, तर तो कशाचा हे हाताला कळणार कसं? तंत्र आपल्याकडे आहे. टोलनाक्यावर पैसे कापल्याचा मेसेज नाका ओलांडेपर्यंत येतो. वेग ओलांडल्याचाही त्याच संध्याकाळी यायला हवा, गाडी चालवल्याची आठवण ताजी असताना. आणि घाटाच्या तोंडावर तुमचा वेग आकड्यांत दाखवणारी पाटी हवी. बोर्डवरचा ६० आणि त्याखाली स्वतःचा ७८ दिसला की पाय आपोआप उचलला जातो. दंडाआधी ती संधी माणसाला मिळायला हवी. हे आपण लेखी मागायला हवं. मी मजकूर तयार करतो, ज्यांना सही करायची असेल त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

रानवाट

मी आहे.

सोनचाफा

मीही.

भांडुपकर

काल रात्री परत आलो. लगेच लिहितोय.

जाताना काही विशेष नाही. येताना लोणावळ्यानंतर रानवाट यांनी सांगितल्याप्रमाणे मधल्या लेनमध्ये आलो, ८० वर आणली, बोर्डाच्या आधी तिसरा गिअर. तो बोर्ड मी इतक्या महिन्यांत कधी नीट पाहिलाच नव्हता. लाल गोलात ६०, पोस्टवर धूळ, उजव्या कडेला कुठल्यातरी गाडीने घासल्याचा चरा. ज्या जागी तीनदा नाव आलं तिथे काटा ५८ वर होता. मागच्या मोटारीने दोनदा दिवा मारला, मी डावीकडे झालो, तो गेला. पोटात कुठेतरी वाटत होतं की आपण फारच सावकाश चाललोय. तळाला खोपोलीपाशी आल्यावर घड्याळ पाहिलं. नेहमीपेक्षा चार मिनिटं जास्त लागली होती.

दोन चलानं भरली. तिसऱ्याची तक्रार नोंदवली, फास्टॅगचा मेसेज आणि औषधांची पावती जोडून. उत्तर आलं की कळवतो. मोबाईल नंबर बदलला. मोजमाप, तुमच्या मजकुरावर माझं नाव सर्वांत वर घाला.

बाबा काल पहिल्यांदा काठी न घेता दारापर्यंत आले.

अनघा_ठाणे

ही सगळ्यात छान बातमी!

गाडीवान

ताई, शेठशी बोललो. आधी चिडला. मग मीच म्हटलं, फोटो उघडा, दोघं बघू. त्याच्या मुलाने अ‍ॅपमध्ये उघडून दिला. वेळ पहाटे चार वाजून दहा मिनिटं, उर्से टोलनाक्याच्या पुढे. त्या रात्री मी घरी होतो, गाडी दुसऱ्याकडे होती. तोही समोरच होता, लगेच म्हणाला, हो, मीच होतो, पॅसेंजरला विमानतळ गाठायचा होता.

शेठने माझे दोन हजार परत दिले. आणि कालपासून गाडीत वही ठेवली आहे, दोरीने ग्लोव्ह बॉक्सला बांधून. पहिल्या पानावर माझी सही आहे.